बुंदीची बादली

२७ मार्च १९९८, शुक्रवार

तीन वेळा सांगितलं मी, आणि तिन्ही वेळा नानासाहेब हसले. गेल्या साली समाजाच्या सामुदायिक लग्नात बायका-पोरांना साडेचारला जेवायला बसवलं, ते काय मला सपन पडलं होतं? सकाळी अकराला अक्षता पडल्या. मग पंगत पाव्हण्यांची, मग पुढाऱ्यांची, मग पुरुषांची, मग राहिलेल्या पुरुषांची. वाढणारी सगळी कॉलेजातली पोरं. इस्त्रीची पँट, हातात बादली आणि डोळे भलतीकडं. आमच्या पत्रावळीवर काय आलं, गार भात आणि वरणाचं पाणी. बुंदी संपलेली. म्हाताऱ्या बाया पुरीसाठी हात वर करून बसलेल्या, जसं काय शाळेत उत्तर येतंय.

आज औरंगपुऱ्यात लग्नाच्या समितीच्या ऑफिसात बैठक होती. यंदा अक्षय तृतीयेला तीस लग्नं आणि तीन हजार पान. नानासाहेब अध्यक्ष. म्हणाले, "यंदा पण वाढायला पोरंच."

मी उभी राहिले. म्हणलं, "यंदा पंगत बायकांकडं द्या."

सगळे हसले. नानासाहेब म्हणाले, "द्वारकाबाई, घरात चार पानं वाढणं येगळं. भरली बादली घेऊन पंगतीत पळावं लागतं. बायांना झेपत नाय."

"पाण्याचा हंडा डोक्यावर, पोर कमरेवर, हे झेपतं व्हय?"

आता कुणी हसलं नाही. शेवटी नानासाहेब म्हणाले, बरं, हनुमान जयंतीला आपल्या मारुतीच्या भंडाऱ्यात पाचशे पान वाढून दाखवा. जमलं तर लग्नाची पंगत तुमची.

मी घरी चालत नाही आले, उडत आले. आमचे हे कंपनीत वॉचमन आहेत. म्हणाले, "बरं झालं. पाचशे माणसांवर ओरड, म्हणजे माझी सुटका."

ही वही पद्मजाताईंनी दिली. त्या समितीच्या चिटणीस, शाळेत बाई आहेत. म्हणाल्या, कामाचं लिहून ठेवत जा. मी चौथीपर्यंत शिकले, पण एकदा लिहायला बसले की हात थांबत नाही.

२९ मार्च, रविवार

पहिला सराव. आमच्या वस्तीत सगळे सिल्लोडकडून आलेले, त्यामुळं बाया गोळा करायला वेळ लागला नाही. चौदा आल्या. मारुतीच्या पटांगणात दगडं मांडली, दोन रांगा. एक दगड म्हणजे एक माणूस. बादल्यांत पाणी भरलं, हातात ओगराळं दिलं. म्हणलं, वाका, वाढा, पुढं चला. बोलायचं नाही, हसायचं नाही, थांबायचं नाही.

आणि काय कामाच्या बाया! साळूबाई तर दर दगडापाशी थांबून कमरेवर हात ठेवते. मी सगळ्यांपुढं म्हणलं, "साळूबाई, तुझ्या चालीनं अक्षय तृतीयेची पंगत दिवाळीला उठंल." ती पुढच्या दगडाकडं सरकली. बोलली वच्छलाबाई. तिच्या तोंडाला कुलूप नाहीच.

"अक्का, दगडं तरी गुमान बसलेत. माणसं तुझा आवाज ऐकून उठून जातील."

सगळ्या हसल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला लावलं. चार वेळा.

चांगली एकच, आवडाबाई. चार वर्षांमागं नवरा गेला तिचा. शिवणकामावर दोन पोरं वाढवते. काय हात आहे! एक थेंब सांडत नाही, आणि दगडापुढं पण अशी वाकते जसं तो खरंच जेवतोय. पण सारखी मागं मागं. मी म्हणलं, बुंदीची बादली तू घे, गोड नेहमी चांगल्या हातानं वाढावं. तर म्हणते, "मला पाणी द्या अक्का, मी पाण्यावर राहते." लाजाळू आहे. लाज मोडावी लागंल.

१ एप्रिल, बुधवार

नऊच आल्या. सराव चारला ठेवला, तर वच्छला साडेपाचला उगवली. सांगितलं सगळ्यांना, उद्यापासून जी वेळेवर येणार नाही तिचं नाव कट. शिस्तीशिवाय काही होत नसतं.

३ एप्रिल, शुक्रवार

तीन. आवडाबाई, वस्तीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून आणि मी. मीच मला मोजलं.

रागानं घरोघर गेले. वच्छलाच्या दारात उभी राहून म्हणलं, बाहेर ये. ती पिठाचे हात घेऊन आली. तिची पोरगी, सरोज, आतून बघत होती. तीस लग्नांतलं एक लग्न या सरोजचंच आहे. म्हणलं, "स्वतःच्या पोरीच्या लग्नात वाढायचंय, तरी तुला येता येत नाही?"

वच्छला म्हणाली, "अक्का, घरात एक सासू हाय. तिचं फुकट ऐकते. आता आणखी एक सासू फुकटात कशाला करून घेऊ?"

रस्त्यानं येताना पाच उत्तरं सुचली, पण तोवर तिनं दार लावलं होतं.

यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "बरोबर बोलली." मी ताटात भाजी वाढायची ती आपटली.

४ एप्रिल, शनिवार

पद्मजाताईंकडं गेले सांगायला, की बाया नालायक आहेत, नानासाहेबांना नाही म्हणून कळवा. त्यांनी चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "द्वारकाबाई, त्या का येत नाहीत, हे तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"विचारलं की. दारात जाऊन विचारलं."

"तसं नाही हो. उत्तर ऐकायला थांबलात का?"

शिकलेल्या बाईचं बोलणं असतं हे. मी म्हणलं, शाळेत तुमचं चालत असंल, पोरांना घंटा असते. त्या म्हणाल्या, "शाळेत मला पगार मिळतो आणि पोरांना बाप पाठवतो. तुमच्या बायका कुणी न पाठवता येतात. त्यांना अडतंय कुठं तेवढं बघा आणि ते काढा. बाकी त्या करतील."

काही पटलं नाही. चहा मात्र चांगला होता.

घरी आले तर दारात आवडाबाई उभी. शिवलेलं पोलकं द्यायला आली होती. जाता जाता म्हणाली, "अक्का, रागावू नका, पण साळूबाईचा उजवा गुडघा धरलाय. तिला वाकता येत नाय. आणि चारला नळ येतो, चौथ्या दिवशी एकदा. वच्छला पाणी सोडून कशी येईल?"

नळ! माझ्या घरी बोअर आहे. माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि सहा दिवसांत एकीनं तोंड उघडून सांगितलं नाही मला! कुणी विचारल्याशिवाय सांगतच नाहीत या.

५ एप्रिल, रविवार

सराव साडेपाचला केला. स्वतः घरोघर जाऊन सांगितलं. वच्छलानं दार उघडलं तेव्हा मी घाईघाईनं म्हणलं, "पाणी भरून ये." बाकी काही बोलले नाही.

अकरा आल्या. सगळ्यांना दगडांवरच बसवलं आणि विचारलं, कुणाला काय अडतंय ते सांगा. आधी कुणी बोलेना. मी तोंड उघडलं, पण आज दाढ ठणकत होती म्हणून गालात लवंग धरली होती. बोलायला गेलं की लवंग सरकते. म्हणून गप्प बसले. तर एकेक जण बोलायलाच लागली! एकीला भरली बादली जड होते. मग अर्धी भरा, फेऱ्या वाढवा, असं दुसरीनंच सांगितलं. एकीला पुरुषांच्या रांगेपुढं वाकायची लाज वाटते. तिला बायकांच्या रांगा दिल्या. साळूबाई म्हणाली, "मला वाकता येत नाय, पण मला लांबचं दिसतं."

आवडा म्हणाली, "मग तू रांगेच्या तोंडाशी उभी राहा. कुणाच्या पानावर काय नाय ते तू ओरडून सांग."

साळूबाईचा आवाज ऐकला का कुणी कधी? मी पण नव्हता ऐकला. "दुसरी रांग, सातवा दगड, मीठ!" पार सडकेपर्यंत गेला. लोक थांबून बघायला लागले.

८ एप्रिल, बुधवार

सोळा बाया, चार रांगा, सव्वा तासात दोनशे दगडं जेवली! वच्छला म्हणते, दगडांना ढेकर आली.

यांनी विचारलं, दाढ कशी आहे? म्हणलं, परवाच राहिली. "मग लवंग कशाला?" सवय लागली, म्हणलं.

वच्छला मागून कुणाला तरी सांगत होती, अक्का बदलली. काय बदलले? मी आहे तशीच आहे. बाया सुधारल्या.

१२ एप्रिल, रविवार

काल भंडारा झाला. अंग दुखतंय, पाय सुजलेत आणि मला कधी नव्हे इतकं बरं वाटतंय. सगळं लिहिते, चूक पण लिहिते.

पहिली पंगत पुरुषांची, दोनशे. जयजयकार झाला आणि आम्ही निघालो. मीठ, लोणचं, वांग्याची भाजी, पुरी, वरण-भात. रांगा अशा चालल्या की नानासाहेब खुर्चीवरून उठून बघायला आले. साळूबाई वरून ओरडते, खाली बादल्या पळतात. मी कुणालाच ओरडले नाही, कारण कुणाची चूकच होत नव्हती.

मग बुंदी. ती सकाळीच आवडाच्या हातात दिली होती. ती नको नको म्हणत राहिली, मी ऐकून घेतलं नाही. तिच्याबरोबर आणखी तिघी. आणि इथंच घोळ झाला. मी सरावात दहादा सांगितलं होतं, पान रिकामं दिसता कामा नये. आता घरी आम्ही बाया वाढतो कशा? घ्या हो भाऊजी, अजून एक, माझी आण हाय, उपाशी उठू नका. माणूस पानावर हात आडवा धरतो, आम्ही त्याच्या बोटांवरून वाढतो. तसंच केलं चौघींनी. पोरं वाढत होती तेव्हा आग्रह नव्हता, एकदा टाकलं की पुढं. आमच्या बायांनी पहिल्या पंगतीला असा आग्रह केला की दुसऱ्या पंगतीला बुंदी तळाला गेली, आणि तिसऱ्या पंगतीला टोपलं रिकामं.

तिसरी पंगत बायका-पोरांची. दीडशे.

ज्यासाठी भांडले तेच मी माझ्या हातानं केलं. चौघी कोठीत उभ्या, तोंडं पांढरी. एक जण रडायला लागली. एक म्हणाली, आम्हाला कळायला पायजे होतं. नानासाहेबांचा पुतण्या दारातून म्हणतो, "बघा, आम्ही म्हणलं होतं."

मी म्हणलं, "यांची चूक नाही. पान रिकामं दिसू देऊ नका असं मी सांगितलं. किती वाढायचं ते मी सांगितलं नाही. चूक माझी हाय, नानासाहेबांना तसंच जाऊन सांग." तो गेला. मग मी बायांकडं वळले. खरं सांगते, मला काहीच सुचत नव्हतं. म्हणून विचारलं, आता काय करायचं?

आवडा म्हणाली, "देवळाच्या कोठीत रवा हाय. उद्याच्या प्रसादाचा."

पुढचं मी बघतच राहिले. एकीनं चूल पेटवली, दोघींनी रवा भाजला. पुजाऱ्याची परवानगी वच्छलानं काढली. कशी काढली ते विचारायचं नाही, एवढंच म्हणाली. साळूबाई बाहेर जाऊन दीडशे बायांना म्हणाली, "बायांनो, पुरुषांनी बुंदी खाल्ली, तुम्हाला ताजा गरम शिरा हाय, पण वीस मिनिटं गप्पा मारा!" बाया हसल्या. आवडानं शिरा असा केला की पुरुषांच्या पंगतीतले चार जण पुन्हा येऊन उभे राहिले. साळूबाईनं त्यांना परत पाठवलं.

नानासाहेब शेवटी आले. पानावर शिरा घेतला, खाल्ला. म्हणाले, "पंगत तुमची."

मी पोरीसारखी नाचले. खरंच नाचले. वच्छलानं माझा हात धरला आणि आम्ही फुगडी घातली, साठ किलोच्या दोन बाया!

१४ एप्रिल, मंगळवार

एकतीस झाल्या! न बोलावता येतात. दौलताबादला दिलेली एकीची नणंद तीन आठवडे माहेरपणाला आली, ती पण सरावाला उभी राहिली. आता बुंदीला वाटी ठरवली, एका पानाला एक वाटी, आग्रह नाही. आग्रह वरण-भाताला करा, म्हणलं. हे पण मी नाही, साळूबाईनं काढलं. मी काय, नुसती उभी असते आता. यांनी विचारलं, मग तुझं काम काय? म्हणलं, तुम्ही गुमान जेवा.

१९ एप्रिल, रविवार

पद्मजाताई सकाळीच आल्या. रिक्षातून उतरल्या तेव्हाच चेहरा उतरलेला. नानासाहेबांचा निरोप आणला. लग्नाची पंगत तुमचीच, पण आवडाबाईनं मांडवात वाढू नये, तिला कोठीत बसवा. तीस नवऱ्या मुलींचं पहिलं जेवण, त्यात तिच्या हातची बुंदी नको, सोयरे बोलतील.

मला आधी कळलंच नाही. मी म्हणलं, "तिच्या हाताला काय झालं?" पद्मजाताईंनी माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडं बोट केलं. मग कळलं.

पाणी. मागची रांग. मी लाजाळू म्हणत होते. लाज मोडायची म्हणत होते. हजार वेळा बघितलेली गोष्ट, हळदीला, ओटी भरायला, अशा बाया आपसूक मागं सरकतात. ती मला तीन आठवडे सांगत होती आणि मी ऐकून घेत नव्हते.

लगेच औरंगपुऱ्यात जाऊन नानासाहेबांची खुर्ची उलटी करावी असं वाटलं. चप्पल पण घातली. मग थांबले. पंगत माझ्या एकटीची नाही, एकतीस जणींची आहे. आणि आवडाला तर कुणीच काही विचारलं नाही. ना त्यांनी, ना मी.

तिच्याकडं गेले. मशीनवर बसली होती. तिला माहीत होतं. म्हणाली, "मी कोठीत बसते अक्का. माझ्यापायी सगळ्यांची पंगत नका घालवू."

म्हणलं, "तुला काय चालंल ते नाही विचारत. तुला काय पायजे?"

तिनं मशीन थांबवलं. दोरा तोडला. सुई बघितली. मी गप्प बसले, आणि आज गालात लवंग पण नव्हती.

मग म्हणाली, "मला बुंदी वाढायचीय."

२० एप्रिल, सोमवार

सगळ्यांना पटांगणात बसवलं. झालं ते सांगितलं. आवडाला काय पाहिजे तेही सांगितलं. म्हणलं, मी माझं मत सांगणार नाही. पंगत गेली तर सगळ्यांची जाईल. तुम्ही ठरवा.

साळूबाई पहिल्यांदा बोलली, "आवडा नाय तं मी पण नाय." मग एकेक हात वर गेला. नव्या सुनेनं सासूकडं बघितलं आणि मग वर केला.

वच्छलाचा हात खाली. म्हणाली, "अक्का, तुमचं सगळ्यांचं बरोबर हाय. पण पोरगी माझी हाय त्या मांडवात. उद्या तिच्या सासरी काही वाकडं झालं, तर लोक बुंदीवर बोट ठेवतील. मी काय करू?"

मला इतकी चीड आली. शिरा करताना आवडा चालली, आणि आता? शब्द ओठावर आला होता. पण तिचे डोळे बघितले. ती माझ्याशी भांडत नव्हती, घाबरली होती. मी म्हणलं, "घाई नाही वच्छला. घरी जा, इचार कर. तू नाही म्हणलीस तरी तू आमचीच."

ती रडत गेली. आवडा तिच्यामागं जायला निघाली, मग थांबली.

हे सगळं शांतपणे कसं बोलले मी? घरी येऊन यांच्यावर तासभर ओरडले, तेव्हा कुठं बरं वाटलं.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी सात वाजता वच्छला दारात. मागं सरोज, नवरी मुलगी. डोळे दोघींचे सुजलेले.

वच्छला म्हणाली, "सांग तू."

सरोज म्हणाली, "मावशी, माझा लग्नाचा ब्लाऊज आवडामावशीनं शिवलाय. तीस नवऱ्यांतल्या अकराजणींचे तिनंच शिवलेत. ते अंगावर चालतात तं बुंदी पानावर का नाय चालत?"

मी वच्छलाकडं बघितलं. ती म्हणाली, "मला रात्रभर हेच इचारत होती. मला काय उत्तर येईना. लिही माझं नाव."

मी दोघींना घट्ट धरलं. मग पद्मजाताईंना बोलावलं. म्हणलं, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, मजकूर आमचा. एकतीस बाया ओट्यावर बसल्या आणि एकेक वाक्य सांगत गेल्या. मी फक्त शेवटचं सांगितलं. ज्यांना सही येते त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठा. आवडानं सही केली. मी नक्कल इथं उतरवून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मिळालंच नाही.

"नानासाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचा निरोप मिळाला. भंडाऱ्यात पाचशे पान आम्ही वाढलं, तुम्ही स्वतः शिरा खाल्ला. तो आवडाबाईनं केलेला होता. आजवर तुम्हाला काही झालेलं नाही, देव करो आणि होऊही नये.

लग्नाच्या पंगतीत बुंदीची बादली आवडाबाई घेईल. ती मांडवात पहिल्या रांगेपासून वाढेल, कोठीत बसणार नाही. हे आम्ही एकतीस जणींनी ठरवलं आहे, आणि एका नवऱ्या मुलीनंही. तिचं नाव खाली आहे, तिच्या आईची सही बाजूला आहे.

बायका-पोरांची पंगत दीडच्या आत बसेल. एकही पान गोडाशिवाय उठणार नाही. याची जबाबदारी आमची.

तुम्हाला हे मान्य नसेल तर तुमची पोरं आणा, आम्ही तीन हजार माणसांत जेवायला येऊ आणि हात वर करून बसू. पण पोरांना सराव पाहिजे, दिवस आठच राहिलेत, म्हणून तुम्हाला जास्त वेळ देता येत नाही. गुरुवार, २३ तारीख, दिवे लागायच्या आत मारुतीच्या पटांगणात या. आम्ही सगळ्या तिथं असू, आवडाबाई पण. चिठ्ठी पाठवू नका, पुतण्याला पाठवू नका. तिच्या तोंडाकडं बघून हो म्हणा, नाही तर तिच्या तोंडाकडं बघून नाही म्हणा.

द्वारकाबाई आणि बाकीच्या तीस."